जुनं फ्रेंच ड्रेसिंग टेबल घ्यायचंय? आधी ते उघडून बघा

फ्रान्सच्या जुन्या बाजारांत एक टेबल हमखास दिसतं. बंद असताना ते लिहिण्याचं साधं टेबल वाटतं: किंचित वाक असलेले चार बारीक पाय, वर सपाट फळी, पुढे तीन-चार खण. मग दुकानदार मधली झडप उचलतो आणि तिच्या पोटातून आरसा उभा राहतो. डावी-उजवीकडच्या झडपा बाहेर उलगडतात. त्यांच्याखाली बाटल्या, डब्या, फण्या ठेवायचे खोल कप्पे असतात. फ्रेंचमध्ये याला पूद्र्योझ म्हणतात, आणि ड्रेसिंग टेबलांच्या एकूण घराण्याला क्वाफ्योझ.

पॅरिस, लंडन किंवा म्युनिकमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला असं टेबल घ्यावंसं वाटतं, भारतातही हौशी लोक विचारतात. बहुतेक जण ते बंद अवस्थेत पसंत करतात, बंद अवस्थेत मोजतात आणि फोटोही बंद टेबलाचेच मागवतात. या फर्निचरचा सगळा जीव मात्र उघडण्यात आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच धाग्याने जातात.

पायरी १: आपल्याला कोणतं हवंय ते ठरवा

अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये नटणं हा खाजगी उरकायचा उद्योग नव्हता. सरदारघराण्यातली बाई आरशासमोर बसलेली असताना भेटायला माणसं यायची, व्यापारी कापड दाखवायचे, पत्रं लिहिली जायची. बूशे या चित्रकाराने १७५८ मध्ये मादाम द पोंपादूरला, म्हणजे पंधराव्या लुई राजाच्या प्रेयसीला, अशाच टेबलापाशी, हातात ब्रश घेऊन बसलेली रंगवलं. पुरुषही मागे नव्हते. केसांना आणि केसांच्या टोपांना पिठूळ पांढरी पावडर लावायची फॅशन दोघांचीही होती.

त्यामुळे पंधराव्या लुईच्या काळात, म्हणजे १७७४ पर्यंत, टेबल एकाच वेळी नटण्याचं आणि लिहिण्याचं झालं. मधल्या खणाच्या वर बहुतेकदा लिहिण्यासाठी बाहेर ओढायची एक पातळ फळी असते. या काळातले पाय वाकदार, कडा लाटांसारख्या. सोळाव्या लुईच्या काळात पाय सरळ आणि निमुळते झाले, नक्षी भूमितीय झाली. आतली रचना बरीचशी तीच राहिली. या प्रकारातली कमाल पाहायची तर जाँ-फ्राँस्वा ओबेन याने मादाम द पोंपादूरसाठी १७६० च्या सुमारास केलेलं यांत्रिक टेबल पाहा. ते आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. खण पुढे ओढला की वरची फळी आपोआप मागे सरकते.

नेपोलियनच्या काळात पावडर गेली आणि झडपाही गेल्या. महोगनीचं टेबल, वर संगमरवर, दोन खांबांच्या मध्ये झुलणारा आरसा आणि सोनेरी ब्राँझचे अलंकार: हे एंपायर क्वाफ्योझ. हे बंद होत नाही, दिवसभर आरसा उघडा. १८१५ नंतरच्या राजेशाहीत फिक्या रंगाची लाकडं आली. त्याच काळातलं, १८१९ चं, बेरीच्या डचेसचं स्फटिक आणि ब्राँझचं ड्रेसिंग टेबल लूव्रमध्ये आहे. ते पाहावं जरूर, पण त्यावर कंगवा ठेवायची कल्पना करवत नाही. लुई-फिलिप राजाच्या काळातलं, १८३० ते १८४८, टेबल मात्र मला घरगुती वापरासाठी सगळ्यांत शहाणं वाटतं. जाड झाकण, ते उचललं की झाकणाच्या आत आरसा आणि खाली पांढरा संगमरवर. बाकी सगळं साधं. अक्रोड किंवा महोगनी, नक्षी जवळजवळ नाहीच. त्यानंतर १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या आगेमागे मोठ्या गोल आरशांची, बुटकी आर्ट डेको टेबलं आली. ती वेगळीच जात, आणि बैठी जागा हवी असणाऱ्यांना सोयीची.

पहिल्यांदा घेणाऱ्याने झडपांची पूद्र्योझ किंवा लुई-फिलिपचं झाकणाचं टेबल घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही बंद होतात. लहान फ्लॅटमध्ये तेच टेबल दिवसा लॅपटॉपला आणि संध्याकाळी नटायला चालतं. शिवाय पलंगासमोर आरसा नको असं ज्यांच्या घरी मानतात, त्यांना झडप मिटली की सासूबाईंशी वाद घालायला नको.

पायरी २: जागा मोजा, पण उघड्या टेबलाची

बंद पूद्र्योझ साधारण ७५ ते ९० सेंटिमीटर रुंद, ४५ ते ५५ खोल आणि ७० ते ७५ उंच असते. आकडे ऐकून वाटतं, पलंगाशेजारी आरामात बसेल. पण बाजूच्या झडपा बाहेरच्या अंगाला उघडतात, म्हणजे रुंदी जवळपास दुप्पट होते. मधल्या आरशाच्या झडपेला मागे कलायला किंवा सरकायलाही जागा लागते, त्यामुळे टेबल भिंतीला चिकटवून चालत नाही. विक्रेत्याकडून तीन मापं मागा: झडपा उघड्या असतानाची रुंदी, आरसा उभा असतानाची उंची, आणि आरसा पूर्ण मागे कलल्यावर टेबलाच्या मागे किती बाहेर येतो ते.

चौथं माप कोणी मागत नाही आणि तेच नंतर छळतं. ते म्हणजे गुडघ्यांची जागा. मधल्या खणाखालची पोकळी अनेकदा इतकी बुटकी असते की आजच्या खुर्चीवर बसलं की मांड्या अडकतात. जमिनीपासून त्या पोकळीच्या वरच्या कडेपर्यंतची उंची विचारा, आणि आपल्या स्टुलावर बसून आपली मांडी किती उंचीवर येते ते घरी मोजा.

आता जागा. टेबल खिडकीजवळ, उजेड चेहऱ्यावर पडेल असं ठेवायचं. पाठीमागून उजेड आला तर आरशात फक्त सावली दिसते. जुनी टेबलं हलकी आणि उचलून नेण्याजोगी असण्याचं एक कारण हेच, उजेड असेल तिथे ती सरकवता यायची. पण थेट ऊन नको. लाकडी तुकड्यांची जी नक्षी आज तपकिरी-पिवळी दिसते ती मुळात हिरवी, लाल, जांभळी रंगवलेली असायची. दोन-अडीचशे वर्षांच्या उजेडाने ती उडाली. उरलेली घालवू नका. उत्तरेची खिडकी उत्तम, नाहीतर पातळ पडदा. रेडिएटर, एसी आणि स्वयंपाकघराची भिंत यांच्यापासून लांब.

आणि साडी नेसण्यासाठी हे टेबल निरुपयोगी आहे, हे आधीच मान्य करा. हा आरसा खांद्यांपर्यंतचा. निऱ्या बघायला कपाटाच्या दारावरचा उभा आरसा लागतोच, तो काढून टाकू नका.

पायरी ३: विकत घेण्याआधी डोळा तयार करा

पॅरिसमध्ये असाल तर लूव्रचा सजावटी कलांचा विभाग आणि रिव्होली रस्त्यावरचं म्यूझे देझार देकोरातीफ पाहा. कार्नाव्हाले संग्रहालयाचा कायमचा संग्रह मोफत आहे. भारतात असाल तर मेट्रोपॉलिटनच्या संकेतस्थळावरचे मोठे फोटो पुरतात. टेबलाच्या दर्शनी बाजूपेक्षा पाय आणि चौकट कशी जुळते, खणांच्या कडा कशा झिजतात, इकडे लक्ष द्या.

पायरी ४: कुठे घ्यायचं आणि पावतीवर काय लिहून घ्यायचं

सां-ऊआंचा जुन्या वस्तूंचा बाजार पॅरिसच्या उत्तर टोकाला, मेट्रो चारच्या पोर्त द क्लिन्यांकूर स्थानकापासून चालत. शनिवार, रविवार, सोमवार. बाहेरच्या रस्त्यावरच्या बुटांच्या आणि जर्सींच्या गर्दीतून पुढे जावं लागतं. खरी दुकानं आत, पॉल बेर, सेर्पेत, बिरों अशा नावांच्या गल्ल्यांत. दक्षिणेत आव्हिन्योंजवळचं लील-स्यूर-ला-सोर्ग हे गावच जुन्या वस्तूंवर चालतं, रविवारी जा. दुकानात शिरताच आधी बोंजूर म्हणायचं. न म्हणता थेट किंमत विचारणाऱ्याला फ्रान्समध्ये उद्धट समजतात, आणि मग किंमत कमी होत नाही.

नवख्याने पॅरिसच्या द्रुओ लिलावगृहात एक चक्कर नक्की मारावी, काही घ्यायचं नसलं तरी. विक्रीच्या आदल्या दिवशी वस्तू मांडलेल्या असतात, कोणीही फुकट जाऊन खण ओढून बघू शकतो. बोली लावणार असाल तर हातोडा पडलेल्या रकमेवर खरेदीदाराचं शुल्क चढतं, बहुधा पंचवीस-तीस टक्क्यांच्या घरात, हे धरूनच आपली मर्यादा ठरवा.

पाटीवर किंवा पावतीवर काळाच्या नावाआधी कोणता शब्द आहे, यावर सगळं अवलंबून आहे. ‘एपोक लुई कॅंझ’ लिहिलं असेल तर विक्रेता ते टेबल पंधराव्या लुईच्या काळात बनल्याची हमी देतो. ३ मार्च १९८१ च्या फ्रेंच आदेशाने ती हमी त्याला बांधील आहे. ‘स्तील लुई कॅंझ’ म्हणजे त्या धर्तीचं, मग ते १८८० चं असो की १९६० चं. धर्तीचं घेणं कमीपणाचं मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या चांगल्या नकला उत्तम बनवलेल्या असतात आणि रोज वापरायला निर्धास्त. फक्त धर्तीच्या टेबलाला काळाची किंमत देऊ नका. पावतीवर काळ, लाकूड, आणि काय काय बदललं किंवा दुरुस्त झालं, हे लिहून मागा. जो दुकानदार तोंडी अठरावं शतक म्हणतो आणि लिहून देताना गप्प होतो, त्याला नमस्कार करून पुढे व्हा.

तपकिरी लाकडाच्या जुन्या फर्निचरच्या किमती गेल्या वीसेक वर्षांत युरोपात बऱ्याच उतरल्या आहेत. खेड्यात बनलेली अक्रोडाची किंवा चेरीची टेबलं आणि धर्तीची टेबलं लिलावात काही शे युरोंत जातात. नामवंत पॅरिसी कारागिराचं टेबल ही वेगळी दुनिया.

पायरी ५: तपासणी

जवळ एक लहान टॉर्च ठेवा. पूर्ण उघडून दाखवायला सांगा आणि मग स्वतः उघडा. झडपांच्या बिजागऱ्या सैल आहेत का, आरसा ज्या कोनात ठेवाल तिथे थांबतो का, झडपा मिटल्यावर तीनही फळ्या एका पातळीत येतात का. येत नसतील तर लाकूड वाकलंय किंवा बिजागऱ्या बदलल्यात.

मग खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. दर्शनी बाजू खोटं बोलू शकते, खणाचा तळ सहसा नाही. पॅरिसच्या चांगल्या कामात सांगाडा आणि खण ओकचे असतात, स्वस्त कामात पाइन किंवा पॉप्लरचे. हाताने कापलेले डव्हटेल, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या दातांचे, जोड थोडे असमान असतात, सगळे दात एकसारखे असले तर यंत्राचं काम. तळावर कमानीच्या आकाराच्या करवतीच्या खुणा दिसल्या तर ती गोल करवत आहे, म्हणजे अठरावं शतक विसरा. खणाच्या खालच्या कडा घासून झिजलेल्या असाव्यात, आणि त्याच जागी सांगाड्याच्या पट्टीवरही झीज जुळावी. एका ठिकाणी झीज आणि दुसरीकडे नाही, तर त्यातला एक भाग नंतरचा.

व्हिनियरची, म्हणजे वरून चिकटवलेल्या उंची लाकडाच्या पातळ थराची, जाडी कडेला, चिरलेल्या जागी दिसते. हाताने करवतलेलं व्हिनियर मिलिमीटरभर किंवा जास्त जाड असतं. कागदासारखं पातळ असेल तर ते यंत्राने सोललेलं. स्क्रूचं टोक अणकुचीदार असेल तर स्क्रू तरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. एक स्क्रू बदललेला असू शकतो, सगळेच तसे असतील तर शंका घ्या.

कारागिराचा ठसा. पॅरिसच्या सुतार-संघाने १७४३ च्या नियमांनी सभासदांना आपलं नाव फर्निचरवर ठोकायला लावलं, शेजारी तपासणीची ‘जेएमई’ अक्षरं. १७९१ मध्ये संघच बरखास्त झाला. ठसा खालच्या पट्टीवर, मागे, किंवा संगमरवराखाली शोधा. पण ठशाला भुलू नका. राजाश्रयाखाली काम करणाऱ्यांना ठसा लागत नसे, दुरुस्ती करणारेही कधीकधी आपलाच ठसा मारत, आणि खोटे ठसेही पुष्कळ. २०१६ मध्ये उघडकीला आलं की अठराव्या शतकातल्या म्हणून बनावट खुर्च्या थेट व्हर्सायच्या राजवाड्यालाही विकल्या गेल्या होत्या. तिथले तज्ज्ञ फसले, तर आपण ठशासाठी जास्तीचे पैसे कशाला मोजायचे?

लाकूड पोखरणाऱ्या किड्याची भोकं जुन्या फर्निचरला असतातच. भोकातून ताजा, फिका भुसा गळत असेल तर किडा जिवंत आहे. टेबलाखाली काळा कागद पसरून पाय हलकेच ठोका, लगेच कळतं.

भारतातल्या बाजारासाठी एक सोपी कसोटी. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुदुच्चेरीत ‘फ्रेंच’ म्हणून दाखवलेल्या टेबलाचा खणाचा तळ आणि पाठ सागवानाची निघाली, तर ते टेबल इथेच बनलेलं आहे. पुदुच्चेरीवर १९५४ पर्यंत फ्रेंचांचा अंमल होता, तिथल्या सुतारांनी या धर्तीची सुंदर कामं केली. ती जरूर घ्या, पण पॅरिसचं म्हणून नव्हे.

पायरी ६: आरसा

इथे थांबून वाचा, कारण हा प्रश्न सौंदर्याइतकाच तब्येतीचाही आहे. अठराव्या शतकातले आणि एकोणिसाव्यातले बरेच आरसे कथील आणि पाऱ्याच्या लेपाचे आहेत. चांदीचा लेप देण्याची पद्धत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिश याने १८३५ मध्ये काढली, आणि ती सर्वत्र पसरायला पुढची बरीच दशकं गेली. पाऱ्याच्या आरशाची काच सहसा पातळ, किंचित करडी, प्रतिबिंब मऊ. मागून पाहिलं तर उघडा, धातूसारखा करडा थर दिसतो. चांदीच्या आरशाला मागे संरक्षक रंग फासलेला असतो. जुन्या लेपावर चमचमणारे ठिपके, कधी खालच्या कडेला पाऱ्याचे बारीक थेंब.

असा आरसा खरवडू नका, तापवू नका, घरी चौकटीतून काढू नका, आणि कुणी नवा पारा मारून देतो म्हणालं तर देऊ नका. डाग पडलेला मूळ आरसा टेबलाची किंमत टिकवतो. लेप गळत असेल तर संवर्धनाचं काम जाणणाऱ्याकडेच न्या. बाळ रांगतं असेल, किंवा झोपायची खोली बंद आणि उबदार असेल, तर नंतर बसवलेला आधुनिक आरसा असलेलं टेबल निवडा. ते स्वस्तही पडतं.

पायरी ७: भारतात न्यायचं असेल तर

शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा कस्टम्समध्ये स्वतंत्र वर्ग आहे, म्हणून काळ लिहिलेली पावती इथे पुन्हा उपयोगी. शुल्काचे दर बदलत राहतात, कस्टम्स एजंटकडून लेखी अंदाज घेतल्याशिवाय टेबल हलवू नका. लाकडी खोक्यावर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे खोक्याचं लाकूड कीडमुक्त केल्याचा, शिक्का हवा, नाहीतर खोकं बंदरातच अडकतं. नक्षीत वापरलेली बरीचशी उंची लाकडं शिसवीच्या कुळातली, डालबर्जिया, आणि ती साइट्स करारात, म्हणजे धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, येतात. यादीतल्या लाकडाचं वजन दहा किलोच्या आत असलेल्या तयार वस्तूंना सूट आहे आणि व्हिनियर सहसा त्यात बसतं. ब्राझीलच्या शिसवीला मात्र कडक नियम आहेत. हस्तिदंताची मूठ किंवा कुलपाची चकती असेल तर ते टेबल भारतात आणायचा विचारच सोडा.

संगमरवर वेगळा काढून, कडेवर उभा ठेवून न्यायचा. आडवा नेला तर तो मधोमध तडकतो. झडपा कापडी पट्टीने बांधा, चिकटपट्टीने नाही, ती निघताना पॉलिश घेऊन निघते.

भारतातून पुन्हा परदेशात जाण्याची शक्यता असलेल्यांनी लक्षात घ्यावं: १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारताबाहेर नेताना पुरातत्त्व खात्याशी गाठ पडते. बदलीची नोकरी असेल तर टेबल युरोपातच कुणा नातेवाइकाकडे ठेवलेलं बरं.

पायरी ८: घरात आल्यावर

हे फर्निचर सरसाने चिकटवलेलं आहे. सरस पाण्याने आणि उष्णतेने सुटतो. पॅरिसच्या फ्लॅटमध्ये हिवाळ्यात हवा कोरडी होऊन व्हिनियर तडकतं, मुंबई-कोकणात पावसाळ्यात ते फुगून उठतं. हवेतला दमटपणा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवता आला तर उत्तम. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो एकदम बदलू देऊ नका. दिवसा खिडक्या सताड उघड्या आणि रात्री कडक एसी, हा प्रकार सगळ्यांत वाईट. उठलेला तुकडा पडला तर फेकू नका, लिफाफ्यात ठेवा. तो परत सरसानेच चिकटवून घ्या. फेव्हिकॉल लावला की पुढच्या दुरुस्तीला लाकूड फाडावं लागतं.

पॉलिश. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक टेबलांवर लाखेचं, म्हणजे आपले सुतार ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात ते पॉलिश असतं. लाख मोठ्या प्रमाणावर भारतातूनच युरोपात जायची. ही लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून परफ्यूम, सॅनिटायझर, आफ्टरशेव्ह यांचा एक थेंब पांढरा डाग पाडतो. नेलपॉलिश रिमूव्हरही तसाच घातक. म्हणजे नटण्याच्या आजच्या निम्म्या वस्तू नटण्याच्या या टेबलाच्या शत्रू आहेत. उपाय सोपा: मापाने कापून घेतलेली काच किंवा लहान तबक, आणि परफ्यूम टेबलापासून दोन पावलं लांब उभं राहून मारायचा.

संगमरवर तेल पितो. खोबरेल तेलाची बाटली थेट त्यावर ठेवली तर बुडाचं वर्तुळ कायमचं. हळद-कुंकवाचा करंडाही बशीत ठेवा. लिंबू, व्हिनेगर आणि बाथरूम क्लीनर यांनी त्याची चकाकी जाते, ओलसर मऊ कापड पुरे. ब्राँझच्या अलंकारांना पितळेचं पॉलिश लावू नका, त्यांच्यावर सोन्याचा पातळ मुलामा असतो आणि घासलं की तोच निघतो. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका. लाकडाला वर्षातून एकदा मधमाश्यांच्या मेणाचा अगदी पातळ हात, सिलिकॉनचे स्प्रे नकोत.

झडपा मात्र अधूनमधून उघडत राहा, वापर नसला तरी. बंद कप्प्यांत दमट हवा कोंडते आणि बुरशी आधी मखमलीच्या अस्तरावर धरते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा टेबल पूर्ण उघडून तासभर पंख्याखाली ठेवा.